वरवंट्याचं वय

महादेवराव नाझर खटला जिंकले. त्यांच्या घरचा वरवंटा सरकारने रीतसर अडीचशे वर्षांचा ठरवला, तसा शिक्क्याचा कागद आला, आणि जळगाव जामोदच्या तहसिलीत त्यांच्या गळ्यात झेंडूचा हारही पडला. आता हे विसरा. असं काही झालंच नाही. गावाने ते मिळून विसरायचं ठरवलेलं आहे, आणि खुद्द महादेवरावांपाशी कुणी विषय काढलाच तर ते चष्मा पुसत विचारतात, "कोणता वरवंटा?" तेव्हा आपणही जिंकण्याच्या आधीपासून, म्हणजे जरा बरे दिवस होते तिथपासून, सुरुवात करू.

बरे दिवस तसे फार नव्हते. त्या साली चैत्रात महादेवरावांचा एकुलता एक मुलगा इंद्रभान बायकोला घेऊन विलायतेला गेला. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी होती. सून कुमुद हिला नुकतेच दिवस गेले होते. मोटार स्टँडवर पोचवायला निम्मी गल्ली आली. मोटार सुटली, धूळ उडाली, धूळ बसली, आणि धूळ बसल्यावर लक्षात आलं की गल्ली घरी गेली आहे आणि स्टँडवर महादेवराव आणि अन्नपूर्णाबाई एवढेच उभे आहेत.

महादेवराव तहसिलीतून नाझर म्हणून रिटायर झालेले. नाझर म्हणजे जप्तीचा माल ताब्यात घेऊन पावती देणारा माणूस. हंडे, सायकली, शिवणयंत्रं, एकदा तर वाजंत्र्यांचा ढोल, असं सगळं त्यांच्या हाताखालून मालखान्यात गेलं होतं. आत गेलेली वस्तू बाहेर येताना त्यांनी क्वचितच पाहिली, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वस्तू कुठे आहे हे कागदावर असलं म्हणजे ती आहेच, असं त्यांचं मत होतं. मुलाच्या बाबतीत मात्र हे मत लागू पडेना. इंद्रभान कुठे आहे हे पत्त्यासकट कागदावर होतं, तरी तो घरात नव्हता.

पोरगं परदेशी गेलं की मायबापालाही घरबसल्या देश बदलावा लागतो. अन्नपूर्णाबाई सवयीने चार माणसांच्या भाकरी थापत आणि उरलेल्या गाईला घालत. गाय जाड झाली. महादेवराव ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विलायतेचं हवामान सांगत. शेजारचे पुंजाजी, ज्यांचा गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा होता, ते रोज संध्याकाळी चौकशीला येत.

"तिकडं भेंडी येते का वो, नाझरसाहेब?"

"येत नाही."

"वांगं?"

"नाही."

"मंग लोक कायच्यासाठी राह्यतात तिथीसा?"

खरं म्हणजे महादेवरावही रात्रंदिवस तोच प्रश्न विचारत होते.

पत्रं येत. एकच खोली आहे. खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसते, तिच्यातून आपली. घरमालकीण पार्करबाई स्वभावाने चांगली आहे, पण फोडणीचा वास तिला सोसत नाही. म्हणून ती रविवारी चर्चला गेली की कुमुद आठवडाभराच्या फोडण्या एकदम करून ठेवते. अन्नपूर्णाबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चुलीकडे पाहिलं. "सोमवारची फोडणी रविवारी," त्या म्हणाल्या.

आषाढात कुमुदने विचारलं, की बाळंतपण तर दवाखान्यात होईल, पण बारशाचं काय करू? इथे वरवंटा मिळत नाही. पार्करबाई म्हणतात, दुधाची बाटली ठेव.

आता, बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालतात, काजळकुंकू लावतात, आणि बाया 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत त्याला पाळण्याखालून वरून फिरवतात. जी काय दृष्ट लागायची ती दगडाला लागावी, आणि बाळ दगडासारखं टणक निघावं. मग बाळ, आणि मग नाव. अन्नपूर्णाबाईंचं यावर स्वतःचं एक शास्त्र होतं: वरवंट्याआधी ठेवलेलं नाव अंगाला चिकटत नाही. नाव एकीकडे जातं, पोर दुसरीकडे.

"बाटली म्हने," त्या म्हणाल्या. "बाटली फुटते."

"बाजारातून एक नवा घेऊन पाठवू," महादेवराव म्हणाले.

"नवा काऊन? इंदरच्या आधी जो निजला थोच जाईन. अन् थो जाईपर्यंत लेकराचं नाव ठेवायचं नाही, असं लिवा त्याइले."

महादेवरावांनी तसं लिहिलं. मुलगा आज्ञाधारक होता. वरवंटा ही त्या घरातली पहिली अडचण, ही दुसरी.

वरवंटा विलायतेला जाणार ही बातमी गल्लीत फिरली आणि सल्ले सुरू झाले. पुंजाजी म्हणाले, पेटीवर मिठाई असं लिवा, मिठाईले कोनी अडवत नाही. महादेवराव म्हणाले, सरकारी कागदावर मी खोटं लिहिणार नाही. इंद्रभानच्या वेळची सुईण इमामबी म्हणाली, "माया भाचा निजाम बंबईच्या बंदरावर हमाल आहे, भाऊ. त्याच्यापाशी देऊन टाका. जहाजात चढनाऱ्या कोनाच्याबी पिशवीत टाकून देईन थो. आठ पंधरा दिवसात पोचते."

"पावती कोण देईल?"

"पावती कायची? दगड तर आहे."

"पावतीशिवाय वस्तू हलत नसते, इमामबी."

इमामबीने अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी छताकडे पाहिलं. सांगून ठेवायला हरकत नाही, की या सगळ्या प्रकरणात कामाचा सल्ला तेवढा एकच मिळाला होता.

मग वाहेद मिस्त्रीकडून पेटी करवली. वाहेदला कुणीतरी सांगितलं होतं की विलायतेला माल समुद्रातून जातो, म्हणून त्याने जहाज बुडालं तरी पेटी शाबूत राहील अशा बेताने सागवानी फळ्या लावल्या आणि चारी बाजूंनी खिळे ठोकले. पेटी वरवंट्याहून जड झाली. शिवाय टपालात पेटी उघडून दाखवावी लागते हे त्याला माहीत नव्हतं. ती नंतर करवतीने कापावी लागली. वाहेदला त्याचं दुःख झालं नाही. "पाहा, कशी उघडून नाही राह्यली," तो कौतुकाने म्हणत होता.

या पेटीच्या खटाटोपात दिवाळी आली, आणि दिवाळीआधीच चीनची लढाई आली. अशा दिवसांत महादेवराव ती पेटी घेऊन टपाल कचेरीत गेले. पोस्टमास्तर रंगराव अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी पेटी उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

"काय आहे यात?"

"वरवंटा."

"गोल आहे?"

"लांबट गोल."

रंगरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, जणू चीन तिकडेच कुठेतरी होता. "आतून पोकळ?"

"भरीव आहे. दगड आहे तो, रंगराव. बारशाचा."

"बरं. किंमत लिहा."

"अमोल."

"अमोलचा रकाना नाही. पाच रुपये लिहू?"

इथे खरं तर महादेवरावांनी हो म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि विलायतेत एका पोराला वेळेवर नाव मिळालं असतं. पण पाच रुपये हा आकडा त्यांना छातीत लागला. मागे चारपाच माणसं रांगेत उभी होती.

"पाच रुपये?" ते म्हणाले. "हा माझ्या खापरपणजोबांचा आहे. दोनशे वर्षांच्या खाली नाही. नागपूरकर भोसल्यांची फौज या रस्त्याने गेली तेव्हा तिच्यासाठी याच वरवंट्याने चटणी वाटली आहे आमच्या घराने."

रांगेतल्या माणसांनी वरवंट्याकडे आदराने पाहिलं. रंगरावांनी पेन खाली ठेवलं.

"मग तर अडचण झाली, नाझरसाहेब. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर जायला परवानगी लागते. नागपूरला जुन्या वस्तूंचं एक खातं आहे, त्यांची."

महादेवरावांना हा नियम माहीत नव्हता, पण ऐकताक्षणी आवडला. आपल्या घरातल्या दगडासाठी नागपूरला खातं आहे, ही भावना घेऊन ते घरी आले. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. नागपूरहून उत्तर आलं, की पाहणी होईपर्यंत सदर वस्तू स्थानिक तहसिलीत सुरक्षित ताब्यात ठेवावी.

तहसिलीत आता उकंडराव नाझर होते. महादेवरावांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि वरवंटा जमा करून घेतला. महादेवरावांनी सवयीने चिठ्ठी स्वतः लिहिली, स्वतः चिकटवली, आणि फळीवर एका जप्तीच्या कंदिलाशेजारी वरवंटा स्वतः ठेवला. बाहेर येईपर्यंत आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं ते पायऱ्यांवर. तिथे ते जरा थांबले, आणि मग घरी गेले.

कार्तिकात तार आली. मुलगा झाला, बाळबाळंतीण सुखरूप. अन्नपूर्णाबाईंनी गल्लीत साखर वाटली. जी ती विचारी, "नाव काय ठेवलं वो?" आणि त्या म्हणत, "वरवंटा सुटला का ठेवू." ऐकणारीला वाटे, वरवंटा म्हणून यांचा कुणी नातेवाईक जेलमध्ये आहे.

पौषात खात्याने वयाबद्दल पंचांचे जबाब मागवले. पुंजाजींनी ओट्यावर बसून मार्ग काढला. शंभरच्या आतला ठरला तर परवानगीचं लचांडच नाही. "आमी पंच सांगून देतो नवा आहे म्हून. तुमी फक्त चूप राहा."

महादेवरावांनी फार कष्टाने चूप राहायचं कबूल केलं. पहिला जबाब कडूबांचा. कडूबा म्हणजे महादेवरावांचे वरवट बकालचे भाऊबंद, वयाने कुळात सगळ्यांत मोठे. त्यांना खास मोटारीने आणलं होतं आणि वाटभर पढवलं होतं. उकंडरावांनी फळीवरून वरवंटा काढून टेबलावर ठेवला. कडूबांनी त्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माया बारशाले हाच होता," ते म्हणाले. "माया बापाच्या बारशाले बी हाच. याले नवा म्हनू? मले मेल्यावर वर तोंड दाखवायचं हाये बापा."

मग पुंजाजी. त्यांनी वरवंट्याकडे पाहिलं, महादेवरावांकडे पाहिलं, उकंडरावांच्या लेखणीकडे पाहिलं. "नाझरसाहेबाच्या घरचा हाये," ते म्हणाले, "म्हंजे पांडवाच्या आधीचाच असन."

बाहेर आल्यावर महादेवराव म्हणाले, "पुंजाजी, तुम्ही नवा सांगणार होतात."

"सांगनारच होतो. पन चार मानसात तुमची इज्जत काढू काय?"

महादेवराव रागावले नाहीत. वाईट गोष्ट अशी, की त्यांना बरं वाटलं होतं.

दरम्यान गल्लीची अडचण निराळीच होती. हा वरवंटा पिढ्यानपिढ्या सगळ्या गल्लीच्या बारशांना उसना जात आलेला. तो तहसिलीत गेला म्हणून मुलं व्हायची थांबली नाहीत. कलाबाईच्या नातवाचं बारसं आलं तेव्हा बाया सरळ बाळ घेऊन तहसिलीत गेल्या. उकंडराव कायद्याने चालणारे. वस्तू बाहेर नेता येणार नाही, पण आत येऊन वापरायला मनाई कुठे लिहिलेली नाही, असं त्यांनी शोधून काढलं, आणि एका अर्जावर परवानगी दिली. मालखान्याच्या गजांना पाळणा टांगला गेला. जप्तीच्या हंड्यांमध्ये बायांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हटलं. कारकुनांना घुगऱ्या मिळाल्या. त्या कारकुनांना आवडल्या, आणि मग तहसिलीत बारसं हा प्रघातच पडला. दूरच्या आळीतल्या बायाही येऊ लागल्या, कारण गावात बोलवा झाली की सरकारी वरवंट्याने पोराला पुढे सरकारी नोकरी लागते.

मालकीण म्हणून अन्नपूर्णाबाईंना प्रत्येक बारशाचं बोलावणं असे. त्या जात. दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी आपल्या वरवंट्याला कुंची घालत, काजळ लावत, पाळण्याखालून घेत, वरून देत. घरी आल्या की चटणी वाटायला बसत. पाटा होता, वरवंटा नव्हता, हे त्यांना मिरच्या पाट्यावर ठेवल्यावर आठवे. मग मिरच्या तशाच गोळा करून त्या भिंतीकडे तोंड करून निजत. सगळ्या गावाच्या पोरांना नावं मिळत होती.

उन्हाळ्यात नागपूरहून अधिकारी आला. पोरगेलासा, गळ्यात दुर्बिणीसारखं भिंग. त्याने वरवंटा उन्हात नेला, फिरवला, काजळाचे थर खरवडले आणि फक्त दोन मिनिटांत निकाल दिला.

"चाळीस वर्षं. तेही फार झाली. दोनशे वर्षं मसाला वाटला असता तर हा झिजून सुपारीएवढा राहिला असता. साधा बाजारी दगड आहे. घेऊन जा आणि कुठे पाठवायचा तिथे पाठवा."

सुटला. वरवंटा सुटला होता. उकंडरावांनी सहीसाठी वही पुढे सरकवली. अन्नपूर्णाबाई त्या दिवशी कुणाच्या तरी बारशासाठी तिथेच होत्या; त्यांनी पदराने हात पुसून वरवंटा घ्यायला पुढे केले. एवढ्यात मागे एक शिपाई दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बाजारी निंगाला बे. भोसल्याची फौज म्हने."

महादेवरावांचा सहीसाठी उचललेला हात हवेत राहिला.

"साहेब," त्यांनी विचारलं, "या निर्णयावर हरकत घ्यायची मुदत किती?"

अधिकाऱ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याच्या नोकरीत असा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. पण मुदत होती. आणि महादेवरावांच्या खिशात कोरा कागद नेहमीच असे. त्यांनी तिथेच उभ्याने हरकत लिहिली, की आमच्या घराण्यात मसाला जपून वाटतात.

त्या संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी ताट वाढलं आणि ताटापाशीच बसल्या.

"खरं बोलला थो पोरगा," त्या म्हणाल्या.

"काय खरं?"

"जुना फुटला. इंदरच्या येळेस माया हातून पडला अन् दोन तुकडे झाले. सासूबाईनं बाजारातून हा आनला अन् म्हने, घरात कोनाले सांगू नको, पोटुशी आहेस, लोक काहीबाही म्हनतीन. चाळीस कायचे? हा इंदरएवढाच आहे."

महादेवरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"मले तेवढा जुना पुरते," त्या म्हणाल्या. "माया लेकराच्या आधी निजला, बस. उद्या जा अन् कागद मांगं घ्या."

"आवक नोंद झाली आहे त्याची."

"मंग?"

"आवक झालेला कागद..." महादेवराव म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. ते वाक्य त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना पुरं करून सांगितलं होतं.

तरी सकाळी ते गेले. हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पायऱ्या चढले, आत गेले, बोलायला तोंडही उघडलं. पण उकंडराव खुर्ची देत सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाझरसाहेब, काल तुम्ही मान खाली घातली असती तर आम्हालाच लाज वाटली असती." कालचा तो शिपाई चहा घेऊन आला आणि त्याने वाकून नमस्कार केला. महादेवरावांनी चहा घेतला. चहा चांगला होता. ते परत आले.

 हरकत आली म्हणून वरवंटा सखोल तपासणीसाठी नागपूरला गेला. तो मोटारीच्या टपावरून गेला तेव्हा त्याला पोचवायला स्टँडवर कुणी नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास निकाल लागला. पंचांचे जबाब, विशेषतः कडूबांचा, ग्राह्य धरून हरकत मंजूर. वस्तू अंदाजे अडीचशे वर्षांची. सबब ती राष्ट्राचा ठेवा असून खात्याच्या भांडारात कायम जतन होईल. देशाबाहेर नेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हार घातला गेला तो तेव्हा.

हार गळ्यात तसाच घेऊन महादेवराव घरी आले तर इंद्रभानचं पत्र आलेलं होतं. पत्रं ते मोठ्याने वाचून दाखवत, आणि कोणताही कागद अर्धा वाचायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्यांनी सगळं वाचलं. बाळ आता भिंत धरून चालतं. कुमुद दुकानात कामाला जाते, तेव्हा पार्करबाई त्याला सांभाळतात. तुमची आज्ञा म्हणून आम्ही नाव ठेवलेलं नाही, नुसतं बाळ म्हणतो. पार्करबाई त्याला टॉमी म्हणतात. बाळ म्हणून हाक मारली तर तो बघत नाही. टॉमी म्हटलं की लगेच मागे वळून बघतो आणि हसतो.

अन्नपूर्णाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी लाकडं मागे ओढली.

"चिकटलं मंग," त्या म्हणाल्या.

 पुंजाजी नेहमीप्रमाणे ओट्यावर आले, दारातून दोघांचे चेहरे पाहून आल्या पावली परत गेले. मग महादेवरावांनी गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला, दौत जवळ ओढली, आखीव कागदाला समास सोडला, आणि लिहिलं:

'मेहेरबान अधिकारीसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार महादेव, निवृत्त नाझर, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, याचा विनंतीअर्ज ऐसा जे: आपले भांडारी जमा असलेला वरवंटा अर्जदारास परत मिळणेबाबत अर्जदार आजपासून नव्याने दाद मागत आहे. सदर कामास रीतीप्रमाणे काही वर्षे लागतील याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे व त्याबद्दल तक्रार नाही. परंतु दरम्यानच्या काळात अर्जदाराचा नातू, अज्ञान, सध्या मुक्काम विलायत, हा कोणत्याही परवानगीशिवाय वाढत असून परक्या नावाने हाक मारली असता ओ देऊ लागला आहे. असेच चालू राहिल्यास निकाल लागूनही उपयोग होणार नाही व अर्जदाराच्या कुटुंबाचे भरून न येणारे नुकसान होईल. सबब विनंती की, वरवंटा अर्जदाराचे ताब्यात मिळेपर्यंत सदर मुलाचे वाढण्यास, चालण्यास व मागे वळून पाहण्यास तूर्तातूर्त मनाई हुकूम देण्यात यावा.'